बाळू पालवणकर : मैदानापासून मतपेटीपर्यंत

वसंतातील व्याख्यानांत इतिहासाचा विषय निघाला म्हणजे वक्ता बहुधा गडकोट, तह आणि लढाया यांच्याकडे वळतो. आपल्या शिरूर-दौंडच्या परिसरात त्याला सामग्रीची वाणही नाही. परंतु मी आज ज्या गृहस्थांविषयी बोलणार आहे त्यांनी गड जिंकला नाही की तलवार धरली नाही. त्यांनी डाव्या हाताने चेंडू टाकला, रेल्वेत नोकरी केली, एका करारावर सही केली आणि एका निवडणुकीत हार पत्करली. तो करार म्हणजे १९३२ चा पुणे करार, आणि ज्यांच्याकडून ते हरले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. एवढ्यावरून या चरित्राचे वजन ध्यानात यावे. तरीही पालवणकर बाळू हे नाव घेतले तर आपल्यापैकी पुष्कळांना ते आज प्रथमच ऐकल्यासारखे वाटेल.

मी विद्यापीठात शिकलेला मनुष्य नव्हे. कामगारांची संघटना बांधता बांधता जे वाचावयास मिळाले तेवढीच माझी शिदोरी. म्हणून या चरित्राकडे मी क्रिकेटच्या जाणकाराच्या डोळ्यांनी पाहणार नाही. पगारपत्रकाच्या बाजूने पाहणार आहे. या माणसाला काम कोणते दिले, दाम किती दिला, आणि काय द्यायचे नाकारले, हे तीन प्रश्न मी विचारणार आहे.

प्रथम छावणीची गोष्ट. आपले शिरूर, म्हणजे घोडनदी, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजी फौजेचे ठाणे होते. १८१७ च्या अखेरच्या रात्री कोरेगावकडे निघालेली पलटण याच गावातून निघाली, आणि तिच्यात महार शिपायांची संख्या मोठी होती, हे आपण जाणतच आहोत. छावणीने आपल्या समाजात एक विचित्र फट पाडली. गावगाड्यात ज्यांना बलुत्याच्या दाण्यांवर राबावे लागे, त्यांतील काहींना छावणीत दरमहा रोख वेतन मिळू लागले. जात संपली नाही. पण पोटासाठी पाटलाच्या तोंडाकडे पाहण्याची गरज काहींपुरती संपली. शिरूर, खडकी, पुण्याची लष्करपेठ, धारवाड, बेळगाव या सर्व ठिकाणांना जोडणारी एक नवी वाट निर्माण झाली, आणि त्या वाटेने अस्पृश्य मानलेली अनेक कुटुंबे गाव सोडून फिरू लागली.

अशाच एका चर्मकार कुटुंबात १८७६ च्या सुमारास धारवाड येथे बाळूंचा जन्म झाला. वडील लष्कराच्या नोकरीत होते. पुढे कुटुंब पुण्यास आले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू यांवर बाळू व त्यांचे धाकटे भाऊ शिवराम, गणपत आणि विठ्ठल हा खेळ शिकले. शाळा फार झाली नाही. घराला पैशाची गरज होती, म्हणून बाळू पुण्यात पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात कामास लागले. काम मैदान झाडण्याचे आणि खेळपट्टीवर रोलर ओढण्याचे. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते इंग्रजांच्या पूना क्लबात गेले. तेथे एक रुपया वाढला. चार रुपयांत जाळी लावायची, रोलर ओढायचा, पाणी मारायचे, रेघा आखायच्या, आणि वेळ उरला तर साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे.

त्या साहेबांत ग्रेग नावाचे एक नामांकित फलंदाज होते. ते नेहमीच्या वेळेच्या आधी मैदानावर येत आणि बाळूंकडून तासन् तास गोलंदाजी करवून घेत. बाळूंनी त्यांना एकदा बाद केले की ते आठ आणे देत, अशी गोष्ट सांगितली जाते. आता हिशेब करून पाहा. चार रुपयांचे चौसष्ट आणे. साहेबाला आठ वेळा बाद केले की महिन्याचा पगार सुटला! आपल्या भाषेत हे उक्ते काम. आणि उक्त्या कामाने कारागिराचा हात जसा तयार होतो तसा बाळूंचा हात तयार झाला. टप्पा, उंची, वळण, गतीतील फरक हे सर्व त्या शेकडो तासांच्या मजुरीतून आले.

तथापि एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. इतकी वर्षे त्यांनी साहेबांना चेंडू टाकले, पण जाळीत त्यांच्या हाती फलंदाजीसाठी बॅट कधी दिली गेली नाही. फलंदाजी हा मालकांचा खेळ आणि गोलंदाजी ही नोकरांची मेहनत, अशी ती वाटणी होती.

पुण्यातील हिंदू मंडळींचाही एक क्लब होता. साहेबांना हरवायचे तर साहेबांना रोज बाद करणारा माणूस आपल्या बाजूस हवा, हे त्यांना कळत होते. पण तो चांभार. घ्यावा की न घ्यावा यावर बराच खल झाला आणि अखेर घ्यावा असे ठरले. मैदानावर सर्वांनी तोच चेंडू हाताळला. खेळ थांबला की मात्र बाळूंना चहा बाहेर, मातीच्या भांड्यात. जेवणाचे ताट वेगळे, पंगत वेगळी. हात धुवायला पाणी द्यायचे तर तेही अस्पृश्य गड्याच्या हातून. चामड्याचा चेंडू विटाळ पसरवीत नव्हता. कपबशी मात्र पसरवीत होती! हे तर्कट आज आपल्याला हास्यास्पद वाटते. पण त्यात एक व्यवहारी सूत्र होते, ते हसण्यावारी नेऊ नये. जेथवर त्याच्या हाताची गरज, तेथवर त्याला आत घ्यायचे. गरज संपली की उंबरठा पुन्हा जागेवर.

पुण्याच्या हिंदूंनी बाळूंच्या जोरावर सामने जिंकले. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांनीही त्यांचे जाहीर कौतुक केल्याचे त्यांचे चरित्र लिहिणारे सांगतात. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, प्लेगच्या दिवसांत, बाळू मुंबईस गेले. तेथे त्यांना बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत नोकरी मिळाली आणि रेल्वेच्या संघात जागाही मिळाली. पुढे हिंदू जिमखान्याने त्यांना घेतले. तेथेही काही सभासदांचा विरोध होता. पण विजयाची इच्छा विरोधाहून मोठी ठरली.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. बंगालच्या फाळणीनंतरचे, स्वदेशीच्या चळवळीचे ते दिवस. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या. युरोपियनांनी १९१ आणि १०२. राज्यकर्त्यांचा १०९ धावांनी पराभव झाला. या विजयात बाळू आणि शिवराम या दोघा भावांचा वाटा मोठा होता. सुधारकांच्या वृत्तपत्रांनी लिहिले की जिमखान्याने जातीचा अडसर काढला म्हणूनच हा विजय मिळाला. राष्ट्रीय अभिमान आणि समाजसुधारणा या दोन गोष्टी एका मैदानावर भेटल्याचा हा महाराष्ट्रातील आरंभीचा आणि फार मोलाचा प्रसंग होय.

१९११ साली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. कप्तान होते पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग. संघात राजे होते, पदवीधर होते, आणि रोलर ओढलेला एक गडी होता. तेवीस सामन्यांत सहा जिंकले, पंधरा गमावले. त्या पडत्या दौऱ्यात बाळूंनी ११४ बळी घेतले, तेही सरासरी १८.८४ धावांना एक या दराने, आणि वयाची पस्तिशी गाठलेली असताना! परत आल्यावर दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. तरुण भीमराव आंबेडकर त्या वेळी मुंबईत शिकत होते, आणि पालवणकर बाळू हे त्यांच्या अभिमानाचे एक स्थान होते. संपूर्ण कारकिर्दीत प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत बाळूंनी १७९ बळी मिळविले.

मग अशा माणसाला हिंदू संघाचे कप्तानपद केव्हा मिळाले? कधीच नाही.

येथे मी थोडा थांबतो, कारण माझ्या मते या चरित्राचा गाभा येथे आहे. काम मिळाले, दाम मिळाला, हारतुरे मिळाले. नाकारले गेले ते हुकूम देण्याचे स्थान. कप्तान म्हणजे ज्याच्या इशाऱ्यावर ब्राह्मण खेळाडूने कुठे उभे राहायचे ते ठरते. इतकी समता त्या काळच्या निवड समितीला परवडणारी नव्हती. १९१३ साली एम. डी. पै कप्तान झाले, तेव्हा हा मान वस्तुतः बाळूंचा होता असे त्या सज्जन गृहस्थांनी स्वतःच बोलून दाखविले. पण एका माणसाच्या चांगुलपणाने निवड समितीची रीत बदलत नसते.

रीत बदलली ती १९२० साली, आणि कशी बदलली ते आम्हा कामगार मंडळींनी अभ्यासण्याजोगे आहे. त्या वर्षीच्या चौरंगी सामन्यांसाठी बाळूंना संघातून वगळण्यात आले. पै पहिल्या सामन्यास नव्हते. त्यांच्या जागी विठ्ठल किंवा शिवराम यांना न नेमता पुण्याचे प्रा. दि. ब. देवधर यांना कप्तान केले. देवधर मोठे फलंदाज होते यात शंका नाही. प्रश्न त्यांच्या लायकीचा नव्हता. विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी आपली नावे मागे घेतली आणि जातीमुळे आमच्यावर अन्याय होत आहे असे वर्तमानपत्रांतून जाहीर निवेदन केले. हा संपच होता. दोन माणसांचा, पण संपच. त्याच वर्षी देशात असहकाराची हाक उठली होती आणि अस्पृश्यतानिवारणाचा प्रश्न काँग्रेसच्या व्यासपीठावर आला होता. लोकमत भावांच्या बाजूने उभे राहिले. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यासाठी तिन्ही भाऊ संघात परत आले, बाळू उपकप्तान झाले, आणि पै काही वेळ मैदानाबाहेर गेले तेव्हा हिंदू संघाची सूत्रे बाळूंनी सांभाळली. काही घटका का होईना, हुकूम त्यांचा चालला.

तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल पालवणकर हिंदूंचे रीतसर कप्तान झाले आणि त्यांनी युरोपियनांना हरवून चौरंगी सामने जिंकले. प्रेक्षकांनी त्यांना खांद्यावर घेऊन मिरविले. थोरल्या भावाने वीस-पंचवीस वर्षे बळी घेऊन जे मिळाले नाही, ते धाकट्याला एका नकारानंतर तीन वर्षांत मिळाले. गुण आवश्यक होतेच. विठ्ठल हे अव्वल दर्जाचे फलंदाज होते. पण नुसत्या गुणांनी दार अर्धेच उघडले होते. उरलेले अर्धे उघडले ते 'आम्ही खेळत नाही' या तीन शब्दांनी.

आता राजकारण. बाळू सार्वजनिक जीवनात आले ते एक प्रतिष्ठित, सौम्य प्रकृतीचे पुढारी म्हणून. सवर्ण समाजाशी न भांडता, त्याच्या सद्बुद्धीला आवाहन करून पुढे जावे, असा त्यांचा विश्वास होता. हा विश्वास आंधळा नव्हता. त्यांच्या अनुभवातून तो आला होता. त्यांना पारशांनी काम दिले, हिंदूंनी संघात घेतले, गर्दीने हार घातले, धाकटा भाऊ कप्तान झालेला त्यांनी पाहिला. हिंदू समाज हळूहळू का होईना बदलतो, असे त्यांना वाटले तर नवल नाही. १९३२ च्या सप्टेंबरात स्वतंत्र मतदारसंघांविरुद्ध गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण आरंभिले, तेव्हा मद्रासचे एम. सी. राजा यांच्याप्रमाणे बाळूंनीही संयुक्त मतदारसंघाचा पक्ष घेतला. २४ सप्टेंबर १९३२ रोजी झालेल्या पुणे करारावर डॉ. आंबेडकरांची सही आहे, तशी पी. बाळू यांचीही आहे. स्वतंत्र मतदारसंघ गेले, आणि प्रांतिक विधिमंडळांत दलितांसाठी १४८ राखीव जागा आल्या.

१९३३-३४ मध्ये बाळू हिंदुमहासभेच्या वतीने मुंबई नगरपालिकेच्या एका जागेसाठी उभे राहिले व डॉ. होमी पावरी यांच्याकडून पराभूत झाले. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, आपल्या दौंड-मनमाड मार्गावरील येवले येथे, बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. बाळूंना धर्मांतराचा मार्ग मान्य नव्हता. दोघांच्या वाटा आता उघड वेगळ्या झाल्या. ऑगस्ट १९३६ मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला, आणि १९३७ च्या निवडणुकीत मुंबईतील राखीव जागेवर काँग्रेसने त्यांच्याविरुद्ध बाळूंना उभे केले.

हा डावपेच समजण्यास कठीण नाही. विद्वत्तेत, वक्तृत्वात, संघटनेत बाबासाहेबांसमोर उभा राहील असा माणूस काँग्रेसपाशी नव्हता. पण चाळीचाळीत ज्याचे नाव लहान मुलालाही ठाऊक असेल असा एक माणूस होता. मते मोजली गेली तेव्हा डॉ. आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली. अंतर दोन हजार वीस मतांचे. एवढ्या थोड्या अंतराची ही लढत होती, याचा आज आपल्याला विसर पडला आहे.

निवडून आलेल्या पुढाऱ्याने पुढे काय केले ते पाहिले म्हणजे या लढतीचा अर्थ उलगडतो. एका वर्षाने, १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी, मनमाड येथे जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. आंबेडकर. मनमाड म्हणजे आमच्या दौंडच्या रुळाचे दुसरे टोक. १८७८ साली ही दोन गावे लोहमार्गाने जोडली गेली. त्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितले की ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत. आणि त्यांनी रेल्वेतील रीत उघड करून दाखविली. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि वर्षानुवर्षे गँगमनच राहतो. त्याला पोर्टरही करीत नाहीत. कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरची कामे करून घेतो, आणि अस्पृश्य त्याच्या घरात चालत नाही. कारखान्यांतही वरच्या जागा त्याला बंद.

श्रोतेहो, हे तर बाळूंचेच चरित्र झाले! खेळपट्टीवर चालतो पण पंगतीत चालत नाही. बळी घ्यायला चालतो पण कप्तान म्हणून चालत नाही. लायनीवर चालतो पण स्टेशनात चालत नाही. घमेले उचलायला चालतो पण मुकादमीला चालत नाही. निवडणुकीत एकमेकांसमोर उभी राहिलेली ही दोन माणसे एकाच भिंतीला दोन बाजूंनी हात लावून होती. एक म्हणत होता, भिंतीला दार आहे, धीर धरा. दुसरा म्हणत होता, दार त्यांच्या गरजेपुरतेच उघडते. भिंतच पाडली पाहिजे.

आमच्या चळवळीचेही येथे माप घेतले पाहिजे. मुंबईच्या गिरण्यांत साचाखात्यात पगार अधिक असे, पण तेथे अस्पृश्यांना शिरकाव नव्हता. कारण धोट्यातील दोरा तोंडाने ओढावा लागे आणि बाकीच्या साचेवाल्यांना त्याचा विटाळ वाटे. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर मांडला. जगातील कामगारांनो एक व्हा म्हणणाऱ्या युनियनांनी आपल्याच खात्यातील ही बंदी त्या दिवसापर्यंत मागणीपत्रात घातली नव्हती. निवड समिती जिमखान्यातच असते असे नाही.

परदेशातील एक उदाहरण सांगतो. त्रिनिदादचे लिअरी कॉन्स्टंटाइन हे गुलामांचे वंशज. १९२९ साली ते लँकेशायरमधील नेल्सन या कापडगिरण्यांच्या गावी पगारी क्रिकेटपटू म्हणून आले आणि तेथेच राहिले. खेळाचा पैसा त्यांनी शिक्षणाकडे वळविला आणि पुढे बॅरिस्टर झाले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश मजूर मंत्रालयाने वेस्ट इंडीजहून आलेल्या कामगारांच्या कल्याणाचे काम त्यांच्याकडे दिले. १९४३ मध्ये लंडनच्या एका हॉटेलाने काळा म्हणून त्यांना राहू दिले नाही. त्यांनी हॉटेलावर दावा केला आणि १९४४ मध्ये जिंकला. नुकसानभरपाई अवघी पाच गिनी, पण निकाल देशभर गाजला. पुढे ते त्रिनिदादमध्ये मंत्री झाले आणि १९६९ साली ब्रिटनच्या उमरावसभेत बसले. त्यांच्या आणि बाळूंच्या गुणांत फरक काढणे कठीण आहे. फरक साधनांचा होता. कॉन्स्टंटाइन यांना शिक्षणासाठी पैसा मिळाला, न्यायालय मिळाले, आणि ज्या गावात ते राहिले तेथे त्यांच्या शेजारी बसून चहा पिणारे गिरणी कामगार मिळाले. बाळूंच्या वाट्याला यांतील फारच थोडे आले.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. त्यानंतर दीर्घ काळ ते विस्मरणात गेले. क्रिकेटच्या इतिहासाला त्यांची जात अडचणीची वाटली, आणि दलित चळवळीला त्यांची उमेदवारी. २००२ मध्ये इतिहासकार रामचंद्र गुहा यांच्या ग्रंथाने त्यांना पुन्हा उजेडात आणले. माझे मत विचाराल तर १९३७ मध्ये बरोबर बाजू बाबासाहेबांची होती, हे मी संकोच न करता सांगेन. बाळूंच्या मार्गाने एक घराणे वर आले. बाबासाहेबांच्या मार्गाने ७ नोव्हेंबर १९३८ चा मुंबईच्या कामगारांचा सार्वत्रिक संप उभा राहिला आणि पुढे राज्यघटनेत अस्पृश्यता हा गुन्हा ठरला. पण चुकीच्या बाजूस उभा राहिला म्हणून एखाद्याच्या पन्नास वर्षांच्या श्रमांवर पाणी सोडणे, हा न्याय नव्हे. बाळूंनी दार अर्धे उघडून दाखविले नसते, तर उरलेले अर्धे का उघडत नाही हा प्रश्न विचारण्यास जागा कुठली?

आज रांजणगाव आणि कुरकुंभ येथे औद्योगिक वसाहती उभ्या आहेत. आपल्या तालुक्यांतील मुले तेथे कामाला जातात, आणि बिहारपासून मराठवाड्यापर्यंतची मुले पोटासाठी येथे येतात. एका कारखान्यात मी पाहिले आहे, की कंपनीच्या क्रिकेट संघाचा पहिला गोलंदाज कंत्राटी मुलगा होता. चषक घेताना छायाचित्रात तो मधोमध उभा. कँटीनची सवलत मात्र त्याला नाही, कारण कायम कामगारांच्या मस्टरवर त्याचे नाव नाही. जातीचे मातीचे भांडे गेले असेल, पण वेगळी पंगत गेली आहे असे मला म्हणवत नाही.

तेव्हा कुठल्याही संघाची, कारखान्याची, पक्षाची किंवा युनियनची परीक्षा करावयाची झाल्यास एवढेच पाहावे. बाहेरून आलेल्या, खालच्या मानलेल्या माणसाला तुम्ही चेंडू देता, हे ठीक. त्याच्या सांगण्यावरून तुम्ही क्षेत्ररक्षणाची जागा बदलता काय? याचे उत्तर प्रत्येकाने आपापल्या कामाच्या जागी द्यायचे आहे, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.